दोन्ही बाजू पटतात, मग माझी बाजू कुठली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २८. मूळ बेळगावची. वडील मराठी, आई बैलहोंगलकडची कन्नड, शाळा इंग्रजी माध्यमाची, आता पुण्यात नोकरी. कुठल्याही वादात मला दोन्ही बाजू पटतात. खोलीतल्या मैत्रिणीने चार महिन्यांचं भाडं दिलेलं नाही आणि मला तिचीच अडचण पटते. आजोळहून मामाच्या मुलाचं स्थळ आलंय. सव्वा वर्ष झालं, हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. एक्सेलमध्ये फायदे-तोटे मांडले तर गुण जवळपास सारखेच येतात. परवा एक मित्र म्हणाला, तुला स्वतःचं मतच नाही. मोकळ्या मनाची असल्याचा मला अभिमान होता. तो दोष आहे का?"

तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस. बेळगावात समुपदेशनाचं काम करून मला २४ वर्षं झाली. वडगाव-शहापूरची, निपाणीची, खानापूरची कितीतरी मुलं-मुली हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडवळ्याने घेऊन येतात. म्हणून आधी उत्तर देते, कारण मग सांगते. मोकळं मन हा दोष नाही. पण तू ज्याला मोकळं मन म्हणतेस त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आतून समजण्याची ताकद. दुसरी म्हणजे समोरच्याच्या कपाळावर आठी पडू नये म्हणून लहानपणापासून लागलेली सवय. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. तुला त्रास होतोय तो दुसरीचा.

ही सवय कशी लागते ते मला माझ्याच घरातून माहीत आहे. शहापुरात वडिलांचं साड्यांचं छोटं दुकान होतं. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला गल्ल्याशेजारी बसवून शिकवलं की गिऱ्हाईक पायरी चढतं तेवढ्या वेळात ओळखायचं, मराठीत 'या वहिनी' म्हणायचं की कन्नडमध्ये 'बर्री अक्का'. साडीवरून काही कळायचं नाही, कारण इरकल दोन्हीकडच्या बायका नेसायच्या. कपाळावर विभूती असली तर सोपं. सोबतच्या पोराला ती काय हाक मारते ते कानावर पडलं तर त्याहून सोपं. नाहीतर चालणं, पदर, मागे थांबलेल्या नवऱ्याची टोपी, असं काहीबाही जुळवायचं. अंदाज चुकला तरी गिऱ्हाईक निघून जायचं नाही, पण भुवयांच्या मध्ये एक बारीक आठी उमटायची. वडिलांच्या ओरडण्यापेक्षा मला ती आठी जास्त लागायची. बंदच्या दिवसांत तर हे कान आणखी कामाला यायचे. शटर अर्धं ओढून आत बसायचं, लांबून येणाऱ्या घोळक्याच्या घोषणा कुठल्या भाषेतल्या आहेत ते ऐकायचं आणि मग शटर पूर्ण ओढायचं का ते ठरवायचं.

या कौशल्यावर आमचं घर चाललं, त्याला मी कमी लेखणार नाही. पण त्यातला क्रम बघ. आधी समोरचा कोण, मग त्याला काय आवडेल, मग मी काय बोलायचं. मला स्वतःला काय वाटतं ही पायरी त्यात येतच नाही, दुकानात तिची गरजही नसते. मूल मोठं झाल्यावर मात्र हाच क्रम मैत्रीत येतो, ऑफिसात येतो, लग्नाच्या बोलणीत येतो. तुझी मैत्रीण 'या महिन्यात जमत नाही गं' म्हणते तेव्हा तिची अडचण तू तिच्याही आधी ओळखलेली असतेस. तुझी अडचण काय, हा प्रश्न तोवर कुणी विचारलेलाच नसतो. तूसुद्धा नाही.

दोन संस्कृतींत वाढलेल्या मुलांबद्दल जगभर बरंच लिहिलं गेलंय. आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड' हा शब्द रूढ करणाऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम १९५० च्या दशकात पतीसोबत भारतात येऊन इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचाच अभ्यास करत होत्या. त्या मुलांचा मोकळेपणा, भाषांची समज आणि 'माझं गाव कुठलं' हे सांगताना होणारी अडचण, हे सगळं तुला ओळखीचं वाटेल. पण एक मोठा फरक आहे. ती मुलं आईवडिलांच्या नोकरीमुळे देश बदलत होती. आपल्याकडे माणसं त्याच घरात राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. पुढे बेळगाव तिकडेच ठेवा म्हणणारा १९६७ चा महाजन अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या १ नोव्हेंबरला गावातल्या एका घरी कर्नाटकचा राज्योत्सव असतो, त्याच तारखेला शेजारच्या घरी काळा दिवस असतो. तुझ्यासारख्या मुलीसाठी हे दोन्ही एकाच घरात असतं, बाबांच्या खोलीत आणि आईच्या माहेरच्या फोनवर. माझ्या माहेरी 'निकाल लागू दे, मग बघू' हे वाक्य जमिनीच्या वाटणीपासून भावाच्या बदलीपर्यंत सगळ्याला लावलं जायचं. मराठीत 'बघूया की', कन्नडमध्ये 'नोडोण्री'. दोन्ही भाषांत आपल्याला आधी हेच शिकवलं गेलं.

आता एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निपाणीकडचा, वय २४, वडिलांचा तंबाखूचा व्यापार. बोलायला गोड, तिन्ही भाषा अस्खलित. पहिल्या भेटीत मी विचारलं, चहा की कॉफी? म्हणाला, काहीही चालेल. माझ्याकडे हा प्रश्न सवयीने विचारला जात नाही, मी उत्तराची वाट बघते. मी थांबले. तो हसला, माझ्या टेबलाकडे बघितलं, तिथे माझा चहाचा कप होता, आणि म्हणाला, "चहाच चालेल की." दुसऱ्या भेटीला मी मुद्दाम टेबल रिकामं ठेवलं. त्याची नजर खोलीभर फिरली, शेल्फावरच्या बरणीवर थांबली, आणि म्हणाला, "तुम्ही घ्याल तेच." त्या पोराला आवडनिवड नव्हती असं नाही. पण तिच्यापर्यंत जायची वाट त्याने इतकी वर्षं वापरलीच नव्हती. चार भेटी अशाच गेल्या. पाचव्या भेटीत दारातूनच म्हणाला, "मॅडम, चहा. आलं नको." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्याच्या वडिलांबद्दल खरं बोललो.

तुला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. मत असणं हा स्नायू आहे, आणि तो लहान लहान गोष्टींवर घडतो. लग्नासारख्या गोष्टीवर तो एकदम चालेल अशी अपेक्षा धरली की माणूस एक्सेलकडे जातो.

या सवयीचा याहून वाईट परिणाम मी माझ्या हाताने केलाय, तोही सांगायला हवा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी यायची. कन्नड घरातली, मराठी घरात दिलेली, प्रेमविवाह. तिचा पगार सासरी घेतला जायचा, आणि माहेरी फोनवर कन्नडमध्ये बोलायला बंदी होती. सासू म्हणायची, आमच्यासमोर आमच्याबद्दल बोलते. मी सासूलाही भेटले. तिच्या भावाने १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या, त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. तिच्या घरात कन्नड शब्द उंबरठ्याच्या आत आला की तिला काय होत असेल ते मला लगेच कळलं. मी दोन्हीकडची आहे ना, मला कळणारच. आणि मग मी तीन भेटी त्या मुलीला सासूचं दुःख समजावण्यात घालवल्या. चौथ्या भेटीला ती आली नाही. दोन वर्षांनी बसस्टँडवर दिसली, एकटी राहत होती. तिने राग धरला नव्हता. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला त्यांचं सगळं समजावलंत. माझं सांगायला मी आले होते."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. सासूचं दुःख खरं होतं. त्याने सुनेचा पगार घेण्याचा हक्क मिळत नव्हता. एखाद्याचं वागणं कुठून आलं हे कळणं आणि ते वागणं मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्यासारख्या दोन अंगणांत वाढलेल्या माणसांच्या डोक्यात त्या फार लवकर एक होतात. 'समजलं' म्हणताना आपण नकळत 'चालेल' म्हणून जातो. आणि दोघांपैकी एकाच्या हातात बळ असतं तेव्हा मधोमध उभा राहणारा माणूस त्या बळवानाच्या बाजूला उभा असतो, त्याला ते कळो न कळो.

बाकीचे तोटे थोडक्यात सांगते. लोक विश्वास टाकायला कचरतात, कारण आज माझ्याशी सहमत झालेली ही उद्या दुसऱ्याशीही होईल असं त्यांना वाटतं. दिवसभर चेहरे वाचून संध्याकाळी अंगातलं त्राण जातं, आणि त्याचं कारण डॉक्टरलाही सापडत नाही. आणि एक तोटा असा आहे की तो कुणी कबूल करत नाही: मोकळ्या मनाच्या माणसाला एका जागी पाय रोवलेली माणसं लहान वाटायला लागतात. तुझे बाबा १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी हुतात्मा चौकात जात असतील तर 'बाबा अजून त्यातच अडकलेत' असं तू पुण्यात मैत्रिणींना कधीतरी म्हणाली असशील. आईच्या भावाने दारावर कन्नडचा लाल-पिवळा झेंडा लावला की त्याबद्दलही तसंच. सगळ्यांना जागा देणाऱ्या मनात नेमकी या दोघांना जागा नसते. मी हे पुष्कळ घरांत पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्यांनी एक बाजू धरली त्यांनी तिची किंमतही मोजलेली असते.

मग करायचं काय? मन बंद करायचं का? तू तेही करून बघशील अशी मला भीती वाटते. मित्राचं बोलणं मनाला लागलं की माणूस एखादी बाजू घट्ट पकडतो, घोषणा देतो, आणि त्याला कणा समजतो. विल्यम पेरी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या वर्षानुवर्षं मुलाखती घेऊन १९७० मध्ये त्यांच्या विचारांचा प्रवास मांडला. आधी मुलांना वाटतं, एकच उत्तर बरोबर आणि ते गुरुजींना माहीत आहे. मग वाटतं, ज्याचं त्याचं मत, सगळीच सारखी. पुढे कळतं की सगळी सारखी नसतात, पुरावा आणि संदर्भ पाहून तोलता येतात. आणि त्यानंतरची पायरी म्हणजे दुसरंही बरोबर असू शकेल हे माहीत असूनही एक गोष्ट आपली म्हणून स्वीकारणं, तिची जबाबदारी घेणं. पेरींनी असंही नोंदवलं की काही मुलं मधल्या टप्प्यावरच थांबतात, काही घाबरून पहिल्याकडे परत पळतात. बेळगावच्या मुलाला मधला टप्पा शिकवावा लागत नाही, तो त्याला गल्लीतच मिळतो. आणि म्हणूनच तो तिथे जास्त दिवस मुक्काम करतो.

यात दोन्ही गोष्टी मनात ठेवायला काहीच हरकत नाही. कवी ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात आपल्या बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. म्हैसुरातल्या त्यांच्या घरी आईशी तमिळ, वडिलांशी इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड अशी विभागणी होती. वडील गणिताचे प्राध्यापक, खगोलशास्त्र जाणणारे, आणि ज्योतिषही पाहायचे. हे दोन्ही कसं जमतं असं मुलाने विचारल्यावर ते म्हणाले होते की मेंदूला दोन अर्धे भाग असतात. ही आठवण रामानुजननी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात सांगितली आहे. मला त्याच्या जोडीने द. रा. बेंद्रे आठवतात. धारवाडचं मराठी बोलणारं घर, सोलापुरात प्राध्यापकी, आणि कविता लिहिली ती कन्नडमध्ये, इतकी की १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना कन्नडसाठी मिळाला. मराठी त्यांनी टाकली नाही, मराठीतही लिहिलं. पण कवितेचं घर कुठलं हे त्यांनी ठरवलं होतं.

आता तुझ्या दोन गोष्टी.

भाड्याचं आजच बोल. तुझ्या मैत्रिणीची अडचण खरी असेल, त्यावर शंका घेऊ नकोस आणि तिला ती पुन्हा सांगायलाही लावू नकोस. 'तुझी अडचण मला कळते. चार महिन्यांचे माझे पैसे मला हवेत. एकदम जमत नसेल तर दर महिन्याला किती देशील ते रविवारपर्यंत सांग.' एवढंच. त्यात 'पण' घालू नकोस, कारण 'पण' आला की आपल्यासारखी माणसं पुढचं वाक्य स्वतःच्या विरुद्ध बोलतात. तिच्या चेहऱ्यावर आठी येईल. ती येऊ दे, काही वेळ तशीच राहू दे, पुसायला धावू नकोस. छातीत धडधडेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ती घड्याळ लावून मोजायला सांगते. बहुतेकांची काही मिनिटांत उतरते, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटतं की आपण या काही मिनिटांना इतकी वर्षं भीत होतो.

स्थळाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि तुला ते जड जातंय यात तुझा कमकुवतपणा नाही. इथे दोन संस्कृती खरोखरच वेगळं सांगतात. तुझ्या वडिलांकडच्या बऱ्याच मराठी घरांत मुलाने मामाची मुलगी करणं चालतं, आत्याची मुलगी करणं चालत नाही. त्या मुलाच्या बाजूने तू आत्याची मुलगी. आजोळी दोन्ही चालतं, एके काळी सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही सर्रास व्हायचं. म्हणजे तुझी मराठी आजी 'आपल्यात नाही' म्हणते आणि कन्नड आजी 'आपल्यात आहे' म्हणते, तेव्हा दोघीही खरंच सांगतात. कायद्याचाही मुद्दा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीची मुलं निषिद्ध नात्यात मोडतात, आणि सूट मिळते ती रूढी असेल तर, तीही दोन्ही पक्षांना लागू असलेली. तेव्हा कायदासुद्धा तुला विचारणार की तुझी रूढी कुठली. हे एकदा वकिलाला विचारून घे. शिवाय आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं समान असतात, त्याबद्दल जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांशीही बोल.

पण हे सगळं विचारून झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच, आणि तो तुझ्या एक्सेलमध्ये नाही: तुला तो मुलगा हवा आहे का? तुझ्या पूर्ण प्रश्नात त्या मुलाबद्दल एक वाक्य नाही. मामा आहे, आई आहे, फायदे आहेत. तो कसा हसतो, त्याच्याशी बोलताना तुला काय होतं, काहीच नाही. मी समोर बसले असते तर तुला तिथेच थांबवलं असतं.

यासाठी एक करून बघ. एक्सेल बंद कर. ती तू इंग्रजीत केली असणार. २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात लोकांना एकाचा जीव घेऊन पाचांना वाचवशील का असा पेच घातला होता. हाच पेच परक्या भाषेत घातल्यावर 'हो' म्हणणारे वाढले. भाषा परकी असली की भावनेची धग कमी होते, हिशेब पुढे येतो. बँकेच्या कर्जाला ते ठीक आहे. या प्रश्नासाठी एक वही घे, एका पानावर मराठीत आणि दुसऱ्यावर कन्नडमध्ये लिही, लिपी कुठलीही चालेल. सुरुवात 'मला' आणि 'ननग' या शब्दांनी कर. आई, बाबा, मामा, आजी यांच्यापैकी कुणाचंही नाव आलं की ते वाक्य खोड आणि पुन्हा 'मला' पासून धर. पहिले दोन दिवस बहुधा काहीच येणार नाही. नंतर जे येईल ते कदाचित अगदी साधं असेल, 'मला पुणं सोडायचं नाही', 'मला तो आवडतो पण मामी भीतीदायक वाटते' असं. ज्या वाक्याला लिहिताना हात अडखळला ते मोठ्याने वाच.

आणि उत्तर सापडलं की आजोळी फोन तू स्वतः कर, आईला मध्ये घालू नकोस. तिचं आयुष्यभर या दोन घरांमध्ये निरोप नेण्यातच गेलंय. फोन कन्नडमध्येच कर, मामाला त्याच्या भाषेत ऐकण्याचा मान दे. हो असेल तर तो आवाजावरूनच ओळखेल. नाही असेल तर 'मामा, ननग ई मदुवी ब्याड्री', मला हे लग्न नको, एवढं म्हण आणि गप्प राहा. तो कारण विचारेल, मग जरा वेळ काहीच बोलणार नाही. त्या शांततेत तुझ्या तोंडावर 'नोडोण्री' येईल. ते तेवढं म्हणू नकोस.